द्वारकेचा मळा

आमच्या ह्यांना नाव ठेवायची वेळ आली की दुसरं नाव म्हणून सुचायचं नाही. विहीर खणली, तिचं नाव द्वारका. म्हैस आणली, द्वारका. ती भाकड झाली म्हणून विकून दुसरी आणली, तर तीही द्वारका. अंजिराच्या खोक्यांवर चिकटवायला पुण्याहून लेबलं छापून आणली, त्यांवर लाल अक्षरांत ‘द्वारका अंजीर’. फाट्यावर एसटीचा थांबा मिळाला तेव्हा ह्यांनी पत्र्याची पाटी स्वतःच्या हातानं रंगवून नेली, आणि कंडक्टरसुद्धा ‘द्वारका मळावाले, उतरा’ असं ओरडायला लागले. आणि आता घरात पहिली नात झाली, तर तिलाही तेच नाव ठेवायचं म्हणून माणूस हटून बसलेलं. तेही बारशाच्या दिवशी सकाळी, पाळण्याला फुलं बांधून झाल्यावर.

“अहो, मी काय मेले का?” मी विचारलं. “जित्या माणसाचं नाव पोराला ठेवतात होय कुठं?”

हे ओसरीवर बसून खोक्यात अंथरायची अंजिराची पानं पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “तुझा काय संबंध?”

“नाव माझं आणि संबंध कुणाचा? म्हशीचा?”

“द्वारका नाव ह्या घरात राहिलं पाहिजे. मी एकदा बोललो.”

एकदा बोलले की पुन्हा बोलायचं नाही, ही ह्यांची जुनी खोड. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतं, भिंतीशी किती डोकं आपटणार? मी आत गेले आणि घुगऱ्यांचे हरभरे चुलीवर चढवले.

चौतीस वर्षं झाली त्या चैताला. त्या वेळी मळा आमच्याकडं होता.

खरं सांगायचं तर त्या नावाचा मला भारी ताठा होता. जन्माची काही मी द्वारका नव्हते. माहेरी, शिरवळच्या बाजूला, मी मथुरा. दुसरी इयत्ता अर्धी झाली आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसले. सोळाव्या वर्षी ह्यांना दिली, बिजवराला. पहिली बायको तापानं गेलेली, आणि तिच्या मागोमाग तिची सहा वर्षांची पोरही गेली, असं आम्हाला सांगितलं होतं. त्या पहिलीचं नाव द्वारका. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहितात, तेव्हा सासूबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, “हिचंही द्वारकाच लिहा. सवतीच्या नावानं आली की सवत आड येत नाही.” माझ्या आईनं डोळ्याला पदर लावला. मी मात्र ताटातली अक्षरं बघत होते, मला ती धड वाचता येत नव्हती.

गळ्यात सवतीचा टाक बांधला. चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर एक उभी बाई कोरलेली. सणासुदीला आधी तिला कुंकू लावायचं, मग स्वतःला. मी ते कधी चुकवलं नाही. मेलेल्या बाईशी कसलं वैर? नाव तिचं होतं, पण वापरून वापरून मी ते माझं केलं होतं.

आणि मळा. पिंपरमाळात दीडशे उंबरे, पण एका बाईच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. माझ्या होती. साडेतीन एकर अंजीर, विहिरीसकट. सातबाऱ्यावर द्वारकाबाई, पुढं ह्यांचं नाव, पुढं बोराटे. (ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.) लग्न होऊन महिना झाला नाही तो ह्यांनी मला ओसरीवर बसवून सही शिकवली होती. एक पिवळा पडलेला कागद पुढं ठेवला. त्यावर ‘द्वारका’ लिहिलेलं, वरची रेघ नसलेलं, र चं शेपूट वर वळवलेलं. तसंच्या तसं काढायचं. शेपूट खाली गेलं की हे पाटी पुसायचे आणि म्हणायचे, पुन्हा. मी तीन दिवस गिरवलं. मला वाटायचं, केवढी हौस आहे माणसाला, दुसरेपणाच्या बायकोला हातानं अक्षर शिकवतोय. मग सोसायटीच्या कागदावर, विजेच्या मोटारीच्या अर्जावर, जिथं जिथं ह्यांनी बोट ठेवलं तिथं तिथं मी ती सही काढली.

गावात कुणी बाई तोंड वर करून बोलली की माझं उत्तर ठरलेलं. “माझ्या नवऱ्यानं मळा केलाय माझ्या नावावर. तुझ्या नवऱ्यानं तुझ्या नावावर चार पोरांशिवाय काय केलंय?”

तर बारसं.

दुपारी बायका जमल्या. ओसरीत पाळणा, पाळण्यात पोर झोपलेली, शेजारी सून उज्ज्वला नवं लुगडं सावरत बसलेली. मला तीन मुलगे, मुलगी नाही. आणि बारशाला तर आत्या लागते. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. म्हणून शेजारच्या वत्सलाला आत्या करून पाळण्याजवळ उभी केली होती. तिला मी बजावलं, “मालक सांगतील ते नाव घे. माझं काही चाललेलं नाही.”

उज्ज्वला हळूच म्हणाली, “आई, मला सायली ठेवायचं होतं.”

“मग सकाळी सासऱ्यापुढं तोंडात काय धरलं होतंस? आता मला सांगून काय उपयोग?”

गऊकाकू भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या घरातली म्हातारी, आमच्या शेजारची, गावातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. ती घुगऱ्या चघळत म्हणाली, “जितीचं नाव ठेवत न्हाईत बाई. आयुष्य कमी व्हतं.”

“कुणाचं? माझं का पोरीचं?”

“ज्येचं आदी संपंल त्येचं.”

बायका हसल्या. तेवढ्यात अंगणात एक बाई येऊन उभी राहिली.

दुपारच्या गाडीनं आली असावी. चाळिशीची, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, रबरी चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. आधी तिनं घराकडं बघितलं, मग गोठ्याकडं, मग आडाकडं. काहीतरी ठेवलेलं शोधावं तशी बघत होती.

“द्वारका मळा ह्योच का?”

“हाच. बारशाला आलीस काय? ये, वर ये. कुणाकडची?”

ती वर आली नाही. “द्वारकाबाई कोण?”

“मीच.”

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. बघतच राहिली. आणि मग माझ्या खांद्यावरून आत, माजघराच्या दाराकडं बघायला लागली. जशी काही मी वाटेत उभी होते.

“दुसऱ्या कोण न्हाईत?”

“दुसरी द्वारका म्हैस आहे, गोठ्यात बांधलीय. तुला नक्की कुणाला भेटायचंय?”

पुन्हा सगळ्या हसल्या. ती हसली नाही. पायरीवर तिचा हात गेला आणि ती खाली बसली. मी वत्सलाला पाणी आणायला सांगितलं. तिनं पाणी तोंडाला लावलं नाही. तांब्या बाजूला ठेवून पिशवीतून एक कागद काढला, चार घड्या घातलेला, आणि मांडीवर उलगडला. आमच्या अंजिराचं लेबल. खोक्यावरून भिजवून सोडवलेलं, कोपरे फाटलेले.

“ह्ये तुमचंच ना?”

“आमचंच. का? अंजीर खराब निघाली?”

“दौंडला स्टेशनाभायेर आमची फळाची गाडी हाय. आमच्या मालकांनी गेल्या आठवड्यात पुण्यातनं ह्ये खोकं आणलं. मी चौथी शिकलीया.” तिनं लाल अक्षरांवरून बोट पुढं नेलं, खाली बारीक अक्षरांत उत्पादक म्हणून नाव छापलं होतं तिथं. तिनं माझं नाव वाचलं, ह्यांचं नाव वाचलं, बोराटे वाचलं, पिंपरमाळ वाचलं. एकेक अक्षर. मग म्हणाली, “ह्ये माझ्या आईचं नाव हाय. समदंच्या समदं.”

वत्सलानं पाळण्याची दोरी सोडली.

“मी सा वरसाची व्हते. मावशी न्यायला आली. म्हनली, तुझी आई मेली. म्या तिला मेलेली बघितली न्हवती, मला शेजारी ठिवलं व्हतं. पर मानलं. मावशीनं वाढवली, लगीन करून दिलं. आता ह्यो कागद बघितला.” ती लेबलाची घडी घालायला लागली, ती नीट बसेना. “वाटलं, खोटं सांगितलं आसंल मला. वाटलं, हाय. आठ दिवस झाले झोपले न्हाई बघा. म्हनलं, जाऊन तर बघू.”

आयुष्यात कधी शब्दाला कमी पडले नव्हते मी. एवढंच विचारलं, “तुझं नाव काय बाई?”

“सोजर.”

गऊकाकूच्या हातातली वाटी कलंडली. हरभरे ओसरीभर झाले.

“सोजर मेली,” गऊकाकू म्हणाली. “आईच्या माघारी महिन्यानं. मावशीच्या गावाला.”

“कोण म्हनलं?”

गऊकाकूनं हातानंच त्या बाईला खाली वाकायला लावलं, तिचा पदर मागं सारला आणि भांगाजवळचे केस बाजूला केले. तिथं नखाएवढी जुनी खोक होती, पांढरी.

“पाळण्याची कडी लागली व्हती,” गऊकाकू म्हणाली. “हळद मी दाबली. द्वारका नुसती रडत बसली व्हती, तिला रगत बघवायचं न्हाई.” मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या तोंडात द्वारका म्हणजे मी नव्हे.

तेवढ्यात हे मळ्यातून आले. डोक्यावर पानांची पाटी. अंगणात पाऊल टाकलं आणि पायरीवर बसलेली बाई त्यांना दिसली. ती उठून उभी राहिली. दोघांच्या भुवया सारख्या, मधोमध जुळलेल्या. माझ्या तिन्ही मुलांपैकी एकालाही त्या आल्या नाहीत.

“आबा,” ती म्हणाली.

ह्यांनी पाटी खाली ठेवली नाही, टाकलीही नाही. दोन्ही हात वर तसेच धरलेले. आणि म्हणाले, “हिला कुणी बोलावलं?”

ही कोण, असं त्यांनी विचारलं नाही. मी तेवढंच ऐकलं. बाकी ओसरीवर काय चाललं होतं मला सांगता यायचं नाही.

मी ह्यांना आत घेतलं. मागोमाग निवृत्ती आला, माझा थोरला, पोरीचा बाप. त्यानं माजघराचं दार लोटलं.

“तुम्हाला ठाऊक होतं ती जिवंत आहे,” मी म्हटलं.

हे कणगीला टेकून उभे राहिले. “मावशीकडं होती. सुखात होती.”

“मला मेली म्हणून सांगितलंत.”

“आईनं सांगितलं.”

“तुमच्या आईला जाऊन अठरा वर्षं झाली. त्यानंतर कोण सांगत होतं?”

ते कणगीवरची धूळ हातानं झाडायला लागले.

“का?” मी म्हटलं. “मी काय खाल्ली असती तिला? सहा वर्षांची पोर, आईवेगळी. एका ताटात जेवली असती माझ्या पोरांबरोबर. मला लेक नाही. तीन वेळा पोटुशी राहिले आणि तिन्ही वेळा लेक मागितली देवाला, ते ठाऊक होतं तुम्हाला.”

“तुझ्यामुळं नाही पाठवली.”

“मग कशामुळं?”

“मळा,” ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. मी निवृत्तीकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. म्हणजे त्याला समजलं होतं, किंवा आधीपासून ठाऊक होतं. आजवर मी त्याला ते विचारलेलं नाही.

“मळा आपला नव्हता,” हे म्हणाले. “तिच्या आज्याचा. त्यानं लेकीला दिला, चोळीबांगडीला. नुसता माळ होता, दगड होते. विहीर मी खणली. झाड न् झाड मी लावलं. ती गेली, आणि वारस लावायचा म्हटलं तर पोरीचं नाव लागलं असतं. पोरगी उद्या लग्न होऊन जाणार. मळा जावयाच्या घरात. मग मी काय करायचं होतं?”

“सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे?”

“द्वारकाचं.”

“कुठल्या?”

त्यांनी तोंड फिरवलं.

“तुम्ही तो मळा माझ्या नावावर कधी केलात? साल सांगा.”

“करायचा कशाला?” ते म्हणाले. “नाव होतंच.”

चुलीवर घुगऱ्यांचं पातेलं तसंच होतं, खालून लागल्याचा वास यायला लागला होता. मी ते उतरवलं. पदर न घेताच उतरवलं, बोटं भाजली ते रात्री कळलं. नाव होतंच. मेली म्हणून कुणी लिहून दिलं नाही, आणि चार महिन्यांत त्याच नावाची, त्याच नवऱ्याची, त्याच घरातली बाई उभी केली. सासूबाईंनी मला तांदळात लिहून घेतलं होतं. सवत आड येऊ नये म्हणून नव्हे, सवत मेल्याचं कागदावर कुणाला दिसू नये म्हणून.

“तो पिवळा कागद,” मी म्हटलं. “सहीचा.”

“तिच्या बापाच्या बक्षीसपत्राचा. त्यावर तिनं सही केली होती. शिकलेली होती ती थोडी.”

र चं शेपूट वर वळवलेलं. तीन दिवस पाटी पुसून पुसून मी मेलेल्या बाईचं अक्षर शिकले होते, आणि मला वाटलं होतं हौस.

“आणि आज? पोरीला तेच नाव कशासाठी?”

“मेलेल्याचं नाव ठेवतात ना घरात,” ते म्हणाले. “तिचं कुणी ठेवलं नव्हतं.”

म्हणजे ह्यांच्या मनात द्वारका कधीचीच मेली होती. कागदावर तेवढी जिवंत होती. आणि मी मधल्या मध्ये सही करत होते.

निवृत्ती पुढं आला. आवाज खाली करून म्हणाला, “आई, ऐक. तिच्याकडं काय आहे? आपणच छापलेलं लेबल. गऊकाकूला ऐंशी वर्षं झाली, तिचं कोण धरतंय? कागदावर द्वारका आहे, घरात द्वारका आहे, सही तुझी आहे. तू म्हणशील ते खरं. बाहेर जा, चोळीचा खण दे तिला, आणि गाडीत बसवून दे.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“नाही म्हटलं तर आपल्याकडं राहतं काय? वरचा माळ. त्यात कुसळ उगवत नाही. दोघा धाकट्यांची लग्नं व्हायचीत. आणि त्या पाळण्यातल्या पोरीला तू काय देणार, नाव?”

तो काही खोटं बोलत नव्हता. मी ते आजही सांगते. मळ्याशिवाय आमच्याकडं काही नव्हतं, आणि मळ्याशिवाय माझ्याकडं तर त्याहून कमी होतं. उद्यापासून ओढ्यावर कुठल्या तोंडानं जायचं होतं मी? ज्या बायकांना मी छत्तीस वर्षं टोचून बोलले त्या सगळ्या बाहेर बसल्या होत्या, दाराला कान लावून.

मी दार उघडलं.

सोजर पायरीखाली चपला घालत होती. पिशवी खांद्याला लावलेली. पाळण्याजवळून कुणी हललं नव्हतं. मला बघून ती म्हणाली, “येते मी. चुकून आले. शुभाच्या दिवशी तुमच्या दारात आले, मनात ठिवू नका.”

मी चौकट धरून उभी राहिले.

“येक सांगाल का?” ती म्हणाली. “आई न्हाईच म्हनल्यावर... तिला कुठं जाळली? वढ्याच्या कडंला का मळ्यात? जाताना हात जोडून जाते. गाडीला आजून येळ हाय.”

मी गऊकाकूकडं बघितलं. ती रडत होती. “मळ्यात,” ती म्हणाली. “हिरीच्या वरच्या अंगाला. तवा तिकडं झाडं न्हवती.”

तिनं मळा मागितला नाही. मळा तिचा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला त्यातली एका माणसाच्या लांबीची जागा बघायची होती, तीही गाडी येईपर्यंत. माझ्या मागं दारात निवृत्ती उभा होता. त्यानं सुटल्यासारखा श्वास टाकला, तो मला मानेवर लागला.

“सोजर,” मी म्हटलं. “चपला काढ. वर ये.”

ती उभी राहिली.

“वर ये म्हटलं ना. तुझ्या आईला बघायचं होतं ना तुला?”

मी गळ्यातला टाक काढला. दोरा जुना झाला होता, गाठ सुटेना, शेवटी तोडला. तिच्या तळहातावर ठेवला. “ही बघ. एवढीच आहे. छत्तीस वर्षं मी हिला आधी कुंकू लावलंय, मग मला. तेवढं मात्र खोटं केलेलं नाही.”

तिनं तो टाक डोळ्यांजवळ नेला. नखानं त्यावरच्या खळग्यातलं वाळलेलं कुंकू खरवडलं, मग पुसलं, मग पुन्हा बघितला. त्यावरच्या बाईला तोंड असं नसतंच, दोन टिंबं आणि एक रेघ. ती त्या टिंबांकडं बघत राहिली. “चीक लागायचा अंजिराचा,” ती म्हणाली. “बोटं सोलायची माझी. ती तेल चोळायची रातच्याला. तेवढंच ध्यानात हाय.”

“वत्सला,” मी म्हटलं, “तू बाजूला हो. आत्या आलीय.”

वत्सला बाजूला झाली. मी पोर पाळण्यातून उचलून सोजरच्या मांडीवर दिली. तिनं विचारलं, “नाव काय सांगू?” मी उज्ज्वलाकडं बघितलं. ती पोरगी आजवर माझ्यापुढं एक वाक्य पुरं बोलली नव्हती. उठली, सोजरच्या कानाशी लागली आणि सांगितलं. सोजरनं वाकून ते पोरीच्या कानात सांगितलं. आणि तशीच वाकून राहिली. बायकांना कळेना धपाटे घालावेत का नाही.

पहिला धपाटा मी घातला. जोरात घातला. मग गऊकाकूनं घातला, मग वत्सलानं, मग सगळ्यांनी. सोजर पाठ पुढं करून मार खात होती आणि पोरीवर तिचं डोळ्यातलं पाणी पडत होतं. सायली जागी झाली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

हे दारात उभे होते. पाटी आत राहिली होती, पण एक अंजिराचं पान खांद्यावर चिकटलेलं होतं.

निवृत्ती म्हणाला, “आई, विचार कर.”

मी त्याच्याशी बोललेच नाही. ओसरी ओलांडून ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि गावातल्या साठ बायकांदेखत, उखाणा न घेता, पहिल्यांदा ते नाव घेतलं.

“कोंडिबा बोराटे, द्वारका मेली. छत्तीस वर्षं झाली तिला मरून. उद्या उजाडता तलाठ्याकडं जायचं, मेली म्हणून लिहून द्यायचं, आणि ह्या सोजरचं नाव लावून यायचं. खोट्या सह्यांचं विचारलं तर मला बोलवा, मी सांगेन त्या कुणी केल्या आणि कुणी शिकवल्या. आणि आजपासून त्या नावानं हाक मारू नका. ओ देणारं इथं कुणी नाही.”